सहाय्यक : दत्ताराम, सेबॅस्टियन

शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांची श्रेयनामावली भराभर पुढे सरकते. संगीतकारांची नावं मोठ्या अक्षरांत येतात आणि त्यांच्या आसपास कुठेतरी लहान अक्षरांत एक ओळ असते : सहाय्यक – दत्ताराम, सेबॅस्टियन. दत्ताराम वाडकर तालाची बाजू सांभाळत. ढोलकीवरचा त्यांचा ठेका इतका गाजला की वादक आजही त्याला ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. सेबॅस्टियन डिसोझा वाद्यमेळाची रचना करत. व्हायोलिननी कुठे काय वाजवायचं, चेलो कधी शिरणार, ट्रम्पेट कुठे थांबणार, हे सगळं ते स्वरलिपीत कागदावर उतरवत. दोघेही मूळचे गोव्याचे. एकाचं संगीत देवळाच्या अंगणातल्या परंपरेतून आलं, दुसऱ्याचं चर्चच्या. आणि ज्या गाण्यांवर आपल्या आईवडिलांची अख्खी पिढी जगली, त्यांतली कितीतरी या दोघांच्या हातांखालून गेली.

मला गाणं लागलं की आधी गायकाच्या मागे काय चाललंय तेच ऐकू येतं. धाकटी बहीण कोल्हापुरात एका ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, त्यामुळे घरात हा विषय कधी संपत नाही. मे महिन्यात तिला जरा सवड मिळाली, मावशी गोव्यात मार्दोळला असतेच, मग ठरवलं की किनारे पुन्हा केव्हातरी, या खेपेला या माणसांची गावं बघायची.

शुक्रवार : म्हापसा, हळदोणे

पहाटे निघालो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, आणि मे महिना म्हणजे पुरुमेंताचे दिवस. पावसाळ्याच्या बेगमीसाठी अख्खा बारदेश तिथे उतरला होता. सुक्या बांगड्यांचे ढीग, सोलं, मिठाच्या गोणी, माळा करून बांधलेले कांदे. मावशीने फोनवर बजावलं होतं, “हळदोण्याची मिरची मिळाली तर घे, नाही मिळाली तर दुसरी आणू नको.” मिळाली. मानकुराद आंबे भाव ऐकूनही घेतले, कारण मानकुराद वर्षातून एवढेच दिवस असतो.

तिथून हळदोणे फार लांब नाही. हे गाव मला मिरचीआधी ट्रम्पेटमुळे माहीत होतं. आंतोनिओ शावियेर वाझ या नावाचा मुलगा १९१६ मध्ये इथे जन्मला आणि पुढे मुंबईत ‘चिक चॉकलेट’ म्हणून प्रसिद्ध झाला. ताजमहाल हॉटेलात त्याचा जॅझ बँड वाजायचा, आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मराठी माणसाला हा ट्रम्पेट ओळखीचा आहे, फक्त वाजवणाऱ्याचं नाव माहीत नसतं. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले चितळकर, यांनी चिक चॉकलेटला हॉटेलातून स्टुडिओत आणलं. १९५१ चा ‘अलबेला’ पुन्हा बघा. त्यातल्या एका गाण्यात झालरीचे सदरे घालून जो बँड पडद्यावर वाजवतोय, तो नटांचा नाही, चिक चॉकलेट आणि त्याच्या सोबत्यांचा खराखुरा बँड आहे. भगवानदादांचे पाय नाचतात आणि मागे हळदोण्याचा माणूस ट्रम्पेट फुंकतो. पन्नासच्या दशकात हिंदी चित्रपटात आलेला तो झुलता, उसळता सूर कुठून आला असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे या गावाचं उत्तर आहे.

गावातलं सेंट थॉमस चर्च १५९६ मधलं. पुढे म्हापशाची नदी, पलीकडे खाजणं, थोड्या अंतरावर खोर्जुव्याचा केबलवरचा पूल. दुपारी चर्च बंद होतं, म्हणून पायऱ्यांवर बसलो. धाकटी म्हणाली, “दादा, इथे ट्रम्पेट वाजवला तर पलीकडच्या काठापर्यंत जाईल.” नक्की जाईल. एका मुलाने सायकल थांबवून आम्ही काय शोधतोय ते विचारलं. चिक चॉकलेट हे नाव त्याने ऐकलं नव्हतं. आल्फ्रेड रोझ मात्र ऐकलं होतं, आजी गाणी लावते म्हणाला. आल्फ्रेड रोझ याच गावचे, १९३२ चा जन्म. कोंकणी गाण्यांत आणि तियात्रात, म्हणजे कोंकणी संगीत नाटकांत, त्यांनी सगळी हयात घालवली, म्हणून त्यांचं नाव गावात राहिलं. चिक मुंबईला गेला, हिंदीसाठी वाजवत राहिला, १९६७ मध्ये तिकडेच वारला. त्या मुलाला मी फोनवर ‘अलबेला’मधलं ते गाणं दाखवलं. त्याने पूर्ण पाहिलं, मग परत एकदा लावायला सांगितलं.

मार्दोळला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशीने आंब्याचं सासव केलं होतं आणि मुगागाठी. काकांनी आमचा सगळा बेत ऐकून घेतला आणि म्हणाले, “चर्चांची गावं आधी कर. देवळं माझ्याकडे सोड.”

शनिवार : रेइश मागूश, पणजी

मांडवीच्या उत्तर काठावर, पणजीच्या अगदी समोर रेइश मागूश आहे. वर किल्ला, खाली १५५५ मधलं चर्च, बारदेशातलं पहिलं. पर्यटक किल्ल्यावर जातात, दुरुस्ती झाल्यापासून जास्तच. आम्ही चर्चच्या पायऱ्यांपाशी रेंगाळलो, कारण सेबॅस्टियन डिसोझा १९०६ मध्ये या गावी जन्मले.

फाळणीपूर्वी ते लाहोरात हॉटेलांत बँड चालवत. फाळणी झाली, तिकडचं सगळं मोडलं आणि ते मुंबईला आले. १९५२ पासून १९७५ पर्यंत ते शंकर-जयकिशन यांच्याकडे होते. म्हणजे ‘श्री ४२०’, ‘चोरी चोरी’, ‘संगम’, ‘मेरा नाम जोकर’, सगळं त्यात आलं. शिवाय ओ. पी. नय्यर, सलील चौधरी. या तिघांची शैली एकमेकांपासून किती लांब! नय्यरांचा ठसका वेगळा, सलीलदांची गुंतागुंत वेगळी, शंकर-जयकिशन यांचा थाट वेगळा. प्रत्येकाच्या मनातलं ओळखून त्याला हवं तसं लिहून देणारा माणूस एकच. मला हे फार मोठं वाटतं.

त्यांचं काम म्हणजे नेमकं काय, हे धाकटीने मला तिथे किल्ल्याच्या तटाला टेकून समजावलं. हेडफोनचा एक कान तिला, एक मला. ‘प्यार हुआ इकरार हुआ’ लावलं. “आता मन्ना डे आणि लताबाईंकडे अजिबात लक्ष देऊ नकोस,” ती म्हणाली. “फक्त व्हायोलिन ऐक. ती गाण्याची चाल वाजवतायत का?”

वाजवत नव्हती. गायिकेची ओळ जिथे लांबते तिथे व्हायोलिन हलतात, ती हलते तिथे व्हायोलिन टेकतात. खाली दुसरीच एक चाल चाललेली असते. ती वेगळी काढून गुणगुणली तरी गोड लागावी अशी, आणि तरीही मूळ चालीला कुठे धक्का न लावणारी. आपल्याकडे साथ म्हणजे गायकाच्या मागोमाग जाणं. हार्मोनियम जाते, सारंगी जाते. युरोपच्या संगीतात एकाच वेळी दोन चाली जोडीने चालवायची विद्या आहे, पण तिकडचे नियम रागावर तसेच लादले तर राग विस्कटतो. सेबॅस्टियननी रागाचे स्वर सांभाळून दुसरी चाल लिहिली. धाकटी सांगत होती ते असं : “साधा माणूस असता तर त्याने खाली कॉर्ड भरले असते, झालं काम. यांनी प्रत्येक व्हायोलिनवाल्याला गायला लावलंय.”

त्या काळी ध्वनिमुद्रण कसं व्हायचं तेही ध्यानात घ्यायला हवं. गायक, तालवाद्यं, व्हायोलिनचा सगळा ताफा, सगळे एकाच वेळी वाजवणार. शेवटच्या कडव्यात एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवलेली असायची. तिच्यातून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करणं आणि मग समोर उभं राहून सगळ्यांना हाताने चालवणं, हे सेबॅस्टियन यांचं काम. आणि तबकडीवर नावं कुणाची? चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. वाद्यमेळ लिहिणाऱ्याला तिथे जागाच नव्हती. माझं म्हणणं स्पष्ट आहे : तो माणूस अर्धा रचनाकार होता. असं म्हटल्याने शंकर किंवा जयकिशन कणभरही लहान होत नाहीत. चाल त्यांची, कल्पना त्यांची, कोणाला काय द्यायचं ही पारखही त्यांचीच. पण ते गाणं म्हणून आपल्या कानात जे बसलंय, त्यातला मोठा हिस्सा रेइश मागूशच्या माणसाच्या अक्षरातला आहे. १९९८ मध्ये ते गेले.

गावात त्यांच्या नावाची एखादी पाटी, एखादा चौक आहे का ते शोधत फिरलो. आम्हाला तरी दिसला नाही. असायला हवा.

दुपारी बेतीहून फेरीबोटीने पणजी गाठली. कला अकादमीचं आवार चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं, आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. बाहेरूनच बघितलं, नदीकाठी थोडं बसलो आणि उकाड्याने हैराण होऊन मार्दोळला परतलो.

रविवार : माजोर्डे, मडगाव

रविवार मुद्दाम दक्षिण गोव्यातल्या सासष्टीसाठी ठेवला होता, कारण चर्चचा गायनवृंद ऐकायचा होता. माजोर्ड्याच्या मदर ऑफ गॉड चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला मागच्या बाकावर जागा मिळाली. गाणी कोंकणी, साथीला ऑर्गन आणि व्हायोलिन. व्हायोलिन वाजवणाऱ्यांत एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. धाकटीचं लक्ष शेवटपर्यंत त्यांच्या मनगटावर.

मिस्स संपल्यावर ती सरळ त्यांच्याकडे गेली. आईचं माहेर सावंतवाडी, त्यामुळे आमची मालवणी आणि त्यांची कोंकणी यांचं छान जमलं. लहानपणी चर्चच्या शाळेतच शिकले म्हणाले. “सोल्फेज पाठ जाय मेरेन रेबेक हातांत दिनाशिल्ले.” आधी दो-रे-मी वाचायला, गायला शिकायचं, तोंडपाठ व्हायचं, त्यानंतर व्हायोलिनला हात. शिकवणारा मेस्त्र कडक. बोट चुकलं की छडी.

सगळ्या गोष्टीचं मूळ या शाळांत आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चना जोडून संगीताच्या शाळा चालत. मिस्सासाठी गायक-वादक हवेत, म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांच्या, माडी काढणाऱ्या रेंदेरांच्या मुलांना स्वरलिपी यायला लागली. समोर कागद ठेवला की पहिल्या नजरेत वाजवता येणं ही गोंयकाराची खासियत झाली. मग पोटापाण्यासाठी ही मुलं मुंबईला निघाली. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गावागावाचे ‘कुड’ होते. आपल्या गावच्या माणसाला तिथे स्वस्तात पथारी टाकायला जागा. मूकपटांच्या काळात थिएटरांत वाजवणारी, हॉटेलांत नाचाच्या पार्ट्यांना वाजवणारी ही माणसं बोलपट आल्यावर स्टुडिओंत शिरली. हिंदी चित्रपटाला मोठा वाद्यमेळ हवा होता, आणि कागद वाचून वाजवणारे तयार वादक घाऊक संख्येने गोव्यातच मिळत होते.

माजोर्ड्याचा मुलगा म्हणजे अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७. वडील याच चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. हे नाव ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ उभा राहतो, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधला. ते गाणं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि त्यातलं नाव ही प्यारेलालजींची गुरुदक्षिणा आहे. प्यारेलाल लहानपणी व्हायोलिन शिकले ते या गोन्साल्विस सरांकडे. राहुलदेव बर्मनही त्यांचेच विद्यार्थी. करोडो लोकांनी ते नाव टाळ्या वाजवत म्हटलं, पण अशा नावाचा एक खराखुरा थोर शिक्षक सासष्टीच्या एका गावात राहतो हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

मला मात्र त्यांच्या आयुष्यातली १९५८ ची गोष्ट सगळ्यात प्रिय आहे. चित्रपटांत दिवसभर दुसऱ्यांच्या चाली वाजवणाऱ्या या माणसाला रागदारीवर आधारलेलं सिंफनीसारखं संगीत करायचं होतं. त्याने पदराला खार लावून शंभराहून जास्त वादक जमवले, ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. एवढ्या वाद्यांसमोर, चित्रपटाचा पडदा नाही, नायिका नाही, लताबाई उभ्या आहेत आणि मागे आख्खा गोवा व्हायोलिन धरून बसलाय. ही मैफल ऐकायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

तो प्रयोग पुढे टिकला नाही. साठच्या दशकात गोन्साल्विस शिष्यवृत्तीवर अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर चित्रपटांपासून लांबच राहिले आणि माजोर्ड्यात येऊन स्थिरावले. १८ जानेवारी २०१२ ला ते गेले. ज्याच्या हाताखालून प्यारेलाल आणि पंचम घडले त्याला आपण पद्म पुरस्कार दिला नाही, ही खंत मला वाटते आणि ती मी कुणाहीपुढे बोलून दाखवीन.

व्हायोलिनवाल्या गृहस्थांनी निघताना धाकटीला त्यांचं वाद्य हातात दिलं. तिने काय वाजवावं? ‘परवरिश’मधलं ‘आँसू भरी हैं ये जीवन की राहें’. मुकेशचं गाणं, संगीत दत्ताराम यांचं. गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी सोबत्याकडून व्हायोलिन मागून घेतलं आणि खालून दुसरी चाल जोडली. तयारी नाही, कागद नाही. चर्चच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. धाकटी नंतर कितीतरी वेळ काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, “हे त्यांच्या रक्तात लिहिलेलं आहे, दादा.”

मडगावला बोर्ड्यातून एक चक्कर टाकली, कारण संगीतकार क्रिस पेरी तिथले. त्यांनी जॅझ कोंकणीत आणला आणि गायिका लोर्नाच्या आवाजाला त्याच्यावर स्वार केलं. कोंकणी समजत नसली तरी लोर्नाचं ‘बेबदो’ एकदा ऐका. तो आवाज खोल, भरदार आणि बेडर आहे. मधल्या मोठ्या काळात ती गात नव्हती. १९९५ मध्ये ती पुन्हा उभी राहिली तेव्हा गोव्याने तिला डोक्यावर घेतलं. रस्त्याकडेच्या एका खानावळीत शीतकडी आणि तळलेले मोरी मासे खाताना रेडिओवर नेमकी तीच लागली. मालक काउंटरवरून मोठ्याने गात होता.

कुडचड्याला जायची इच्छा होती. फ्रँक फर्नांड तिथले. ट्रम्पेटवादक, अनिल विश्वासांपासून अनेकांचे सहाय्यक, आणि ‘आमचें नशीब’ व ‘निर्मोण’ या कोंकणी चित्रपटांचे निर्माते. ‘निर्मोण’वरून हिंदीत ‘तकदीर’ निघाला, १९६७ मध्ये. पण काका वाट बघत होते आणि उजेडही उतरला होता.

सोमवार : मंगेशी, केरी, मार्दोळ

आजचा दिवस काकांचा. सकाळी सहालाच उठवलं. मंगेशीच्या देवळात गर्दी व्हायच्या आत पोचलो. तळं, पांढरी सातमजली दीपमाळ, सभामंडपातली झुंबरं. हा देव मूळचा कुशस्थळीचा, १५६० मध्ये बाटवाबाटवीच्या भीतीने नदी ओलांडून इकडे आणलेला. काका म्हणाले, “बाबू, देव पळून आला आणि गाणं त्याच्या मागून आलं.”

दीनानाथ १९०० च्या डिसेंबरात इथे जन्मले. आई येसूबाई देवळात गाणाऱ्या कलावंत घराण्यातल्या, वडील देवळाचे पुजारी. आडनाव त्यांनी गावाचं लावलं. किर्लोस्कर मंडळीत पोरवयात गेले आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली. ‘रणदुंदुभि’मधलं ‘परवशता पाश दैवे’ त्यांच्या आवाजात ऐकलं की अंगावर काटा येतो. तान अशी येते की पुढे कुठे जाणार याचा थांग लागत नाही. त्यांच्या वाट्याला उणीपुरी एक्केचाळीस वर्षं आली. त्याच मंगेशीतून पंडित जितेंद्र अभिषेकी आले, ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ यांची पदं ज्यांनी बांधली. एवढ्याशा एका वाडीतून मराठी नाट्यसंगीताची दोन युगं निघाली.

काकांना याचा अभिमान आहे आणि तो ते लपवत नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, जी मंगेशीच्या गाइडकडून ऐकायला मिळत नाही. या गाण्याचा भार कलावंत बायकांनी शतकानुशतकं वाहिला. देवळातल्या सेवेसाठी त्या गायल्या, नाचल्या, मुलींना शिकवलं, आणि गावाने त्यांना मान दिला नाही. “आज आपण नावं घेतो ती त्यांच्या पोरांची. त्यांच्या आयांची नावं कोण घेतो?” काका हे बोलताना थांबले होते, दीपमाळेला हात टेकून.

फोंड्यापलीकडे केरीला गेलो ते त्याच बोलण्याच्या ओघात. केसरबाई केरकर तिथल्या, जन्म १८९२. व्हॉयेजर यानावर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, ‘जात कहां हो’. यानं १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीवर भारतातून तेवढं एकच गाणं आहे. गाव शांत, पोफळीच्या कुळागरांनी भरलेलं. एका घरी मावशीची ओळख निघाली, कोकम सरबत झालं, परतलो.

संध्याकाळी मार्दोळच्या घराच्या सोप्यावर खरी बैठक बसली. काका भजनाला तबला वाजवतात. त्यांना दत्तारामांबद्दल बोलायचं होतं आणि ते सकाळपासून दम धरून होते. “माझ्या लेखी दत्ताराम म्हणजे या मातीतला तालिया,” ते म्हणाले. तबला शिकले ते पंढरीनाथ नागेशकर यांच्याकडे, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरच्या नागेशीचं घराणं. मग त्यांनी तबल्यावर तो ठेका वाजवून दाखवला. अंगाने कहरवाच, पण मधल्या एका बोलाला असा झोल की ऐकणाऱ्याचा खांदा आपोआप हलतो. दत्तारामांनी स्वतंत्र संगीत दिलं ते ‘अब दिल्ली दूर नहीं’, ‘परवरिश’ अशा थोड्याच चित्रपटांना. ‘चुन चुन करती आई चिडिया’ आजही बालवाड्यांत वाजतं. २००७ मध्ये ते गेले.

धाकटीने व्हायोलिन काढलं. काकांनी कपाटावरून घुमट उतरवलं. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं. गणपतीत सुवारी होते ती याच्यावर, आणि ख्रिस्ती घरांत मांडो-धुलपद गातात तेही याच्यावर. २०१९ मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसावाद्य जाहीर केलं. धाकटीने सेबॅस्टियन यांची ती व्हायोलिनची ओळ छेडली, काकांनी घुमटावर दत्ताराम ठेका धरला, मावशी स्वयंपाकघरातून गात बाहेर आली. मूळ चाल मावशीची, खालची चाल धाकटीची, ताल काकांचा. शेजारची मंडळी कुंपणापाशी येऊन उभी. अकरापर्यंत चाललं. मध्ये दोनदा वीज गेली, तरी चाललं.

मावशी मध्येच म्हणाली, “मी हे गाणं चाळीस वर्षं गाते. मला वाटायचं ते एकट्याने म्हणायचं असतं.”

मंगळवार : परतीचा दिवस

निघायला दुपार झाली, कारण धाकटी सकाळपासून जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली होती. फोनवर गाणं चार सेकंद पुढे, चार सेकंद मागे. ‘प्यार हुआ इकरार हुआ’मधल्या व्हायोलिनच्या दोन्ही ओळी तिने कानाने उतरवून काढल्या. दुसऱ्या कडव्यापाशी एक जागा तिला लागेना, तेव्हा काकांना हाक मारून मात्रा मोजायला लावल्या.

चोर्ला घाटाच्या वळणांत ती ऑर्केस्ट्राच्या मालकांशी फोनवर बोलत होती. रेंज जात होती, ती पुन्हा लावत होती. हे गाणं आता व्हायोलिनच्या खऱ्या ओळींसह करायचं, कीबोर्डवर एकत्र दाबून नाही. त्यासाठी आणखी एक व्हायोलिन लागेल, त्याचे पैसे तिच्या मानधनातून कापले तरी चालतील. आणि निवेदनात गायक, गीतकार, संगीतकार यांच्या पाठोपाठ दोन नावं घ्यायची. मालकांनी विचारलं असावं की ही दोघं कोण, कारण तिने गाडीची काच वर केली, आवाज चढवला आणि रेइश मागूशपासून सुरुवात केली. बेळगाव येईपर्यंत ती सांगतच होती. गुरुवारी तालीम ठरली आहे.